हलक्या हाताची बाई

प्रवासवर्णन लिहावं ते युरोपला जाऊन आलेल्यांनी. यंदा आमच्या प्रयोगशाळेतून युरोपला रोहिणी गेली आणि भोर-वेल्ह्याला मी जाऊन आले. ती काही लिहिणार नाही. तिला गरजच पडत नाही, तिचे फोटो लोक आपणहून बघतात. म्हणून मी लिहितेय.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. देशभरात ठरावीक दवाखान्यांतून फ्लूवर आणि एचआयव्हीवर नजर ठेवली जाते. फ्लूसाठी ताप-खोकल्याच्या माणसाच्या नाकात बारीक काडी घालून नमुना घ्यायचा, तो थंड पेटीतून पुण्याला आणायचा आणि यंदा कुठल्या जातीचा फ्लू कुठं फिरतोय ते शोधायचं. एचआयव्हीचं वेगळं. तिथं ठरावीक काळात तपासणीला आलेल्या गरोदर बायकांचं रक्त घेतात. आमच्याकडे येणाऱ्या नळीवर नाव नसतं. त्यावरून आजार त्या भागात वाढतोय की उतरतोय एवढंच बघायचं. भोर-वेल्ह्याचा हा फेरा कित्येक वर्षं रोहिणीकडे होता आणि मी टेबलामागे. माणसं तिच्या वाट्याला, नळ्या माझ्या.

रोहिणीच्या खुर्चीवर एक काळी घोंगडी असते. एसी वाढला की ती पांघरते आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते, "वाडीवरच्या ठकूमावशींनी दिलीय." मला आजवरच्या नोकरीत एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेही मागं पडतं.

तर रोहिणी परिषदेला उडाली, फेरा माझ्या गळ्यात आला, आणि निघण्याआधी सरांनी बोलावून घेतलं. "विंझरच्या पुढचं ते छोटं केंद्र आहे ना," ते म्हणाले, "तिथल्या नमुन्यांत फ्लू सापडतच नाही. आजूबाजूला सगळीकडे आहे, तिथले सगळे कोरे. असंच चालणार असेल तर बंद करू. तुम्ही बघून या आणि सांगा."

ते केंद्र रोहिणीनं उभं केलेलं. परिषदेत ती त्याचेच फोटो दाखवत होती. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला आणि "बघते, सर," म्हणाले. मनात उकळ्या फुटत होत्या.

भोर

कात्रज ते कापूरव्होळ ह्यात सांगण्यासारखं काही नाही. वरव्याजवळ एका टेम्पोच्या मागं अडकलो, एवढंच. भोरला पोहोचलो तेव्हा दवाखान्यात गरोदर बायकांचा दिवस होता. बाकं भरलेली, कडेला आया आणि सासवा पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. तिथले एचआयव्हीचे समुपदेशक विलासराव पुढं आले. माणूस अगदी भला. पण पहिलं वाक्य काय बोलावं?

"रोहिणी मॅडम नाही आल्या?"

"त्या परदेशात आहेत."

"अरे वा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू परदेशात तेच गेलेत.

काम मात्र चोख होतं. नियम सोपा असतो. जी बाई आली ती पुढची. ही नको, ती घ्या, असं करायचं नाही, आणि कोणाची वाट बघत थांबायचं नाही. निवडत बसलं की आकड्यांना अर्थ राहत नाही. बायकाही हात पुढं करत होत्या आणि सुई कोणाच्या हातात आहे हे बघतही नव्हत्या. भोंगवलीची एक आई लेकीला घेऊन आली होती. पहिलं बाळंतपण म्हणून लेक माहेरी आलेली. आमच्याकडे पुण्यात परवा माझ्या भाचीच्या वेळी नवराच बाळंतिणीच्या खोलीत जाऊन उभा होता. हे मी त्या माउलीला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला. "आन काय करत व्हता तिथं?" म्हणाली. भाचीनंही नंतर हेच विचारलं होतं.

दुपारी खानावळीत गेले. इंद्रायणीचा वाफाळता चिकट भात, आमटी, तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी. मालक म्हणाले, "रोहिणी मॅडमना आमच्याकडचं पिठलं लई आवडतं. आणू?" मी म्हणाले, मला पिठलं चालत नाही. आता, पिठलं हा माझा जीव की प्राण. समोरच्या टेबलावर लोखंडी कढईत ते रटरटत आलं, वरून लसणीची फोडणी, आणि मी आमटी ओरपत बसले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

रात्री भोरलाच राहिले आणि पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या खानावळीच्याच फ्रीजरमध्ये ठेवल्या. सकाळी मालकांनी पेटी तयार करून हातात दिली. उघडून बघते तर बर्फाच्या मधोमध चार कुल्फ्या. "गारच हाय पेटी, तर म्हटलं वाटेत खा," मालक म्हणाले. ह्या पेटीत नाकातले नमुने ठेवतात हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. कुल्फ्या मी आणि ड्रायव्हरनं तिथंच उभ्या उभ्या संपवल्या आणि पेटी आतून औषधानं पुसून घेतली.

विंझरच्या पुढं

तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय, पण चहाच्या टपरीवर रस्ता विचारला तर अजून वेल्हेच म्हणतात. माघ संपत आला होता. भात निघून गेलेली कोरडी खाचरं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, पान नसलेल्या काटेसावरीवर नुसती लाल फुलं, आणि वर तोरण्याचा लांबलचक कडा. ऊन चढलं तरी सावलीत हात गारठत होते. सुंदर होतं सगळं. रोहिणी इतकी वर्षं सांगायची तेव्हा मला वाटायचं वाढवून सांगते. वाढवून सांगत नव्हती, ह्याचाही रागच आला.

केंद्राच्या ओसरीवर माणसंच माणसं. डोक्याला टोपी, अंगात धुतलेले सदरे, बायका इस्त्रीच्या लुगड्यात, आणि सगळे खोकतायत. मी हरखले. गाडी थांबल्याबरोबर सगळे उठून उभे राहिले. मी उतरले. त्यांनी माझ्या मागं, गाडीत पाहिलं.

"बाई कुठायत?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

केंद्रातल्या नर्स, सुरेखा सिस्टर, बाहेर आल्या. पस्तिशीच्या, गोलमटोल, बोलताना हात पदराला पुसायची सवय. "रोहिणी मॅडम ह्या खेपेला नाहीत," त्या म्हणाल्या. "ह्या मॅडम आल्यात."

मग म्हातारबाबांनी पायात वहाणा सरकवल्या. "मंग म्होरल्या खेपेला येऊ," म्हणाले, आणि त्यांच्या मागं ओसरी हलायला लागली.

"अहो बाबा," मी म्हणाले, "खोकला तुम्हाला झालाय. त्यांना नाही."

"ऱ्हाईल की खोकला. लई दिस ऱ्हायलाय, आजून थोडं ऱ्हाईल. आमाला काय घाई न्हाई."

"ताप कधी आला होता?"

"संक्रातीच्या आदी," ते म्हणाले.

मी बाकीच्यांना विचारलं. कोणाचा ताप मुलाच्या साखरपुड्यात आलेला, कोणाचा भाताच्या मळणीत. लोक खोकला सांभाळून, घरात जपून ठेवून, रोहिणीच्या दिवसाची वाट बघत बसलेले.

"त्यांचा हात हलका आहे मॅडम," सुरेखा सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "नाकात काडी गेलेली कळतच नाही म्हणतात. मी घ्यायला गेले की नाकावर हात धरतात."

"मग हे रोहिणीला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगायचं? त्या एवढ्या लांबून येणार, ओसरी भरलेली बघून खूश होणार. नमुने पण एका दिवसात भरपूर मिळायचे. मला वाटलं, चांगलंच चाललंय."

आता ह्यातली गोम सांगते. फ्लूचा विषाणू नाकात सापडतो तो ताप आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. नंतर राहतो तो नुसता खोकला. त्यावरच्या गोळ्याही सुरुवातीलाच घेतल्या तर उपयोगी पडतात. म्हणजे इथं फ्लू नव्हता असं मुळीच नाही. तो येत होता, माणसांना आडवं करत होता, निघून जात होता, आणि मग माणसं अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून रोहिणीला रिकामं नाक दाखवायला येत होती. लोकांचं तिच्यावर इतकं प्रेम की त्यापायी तिचंच केंद्र कोरं पडलं.

त्या वेळी मला जे वाटलं ते सभ्य बाईनं लिहू नये, पण लिहिते. मला आनंद झाला. चांगला पोटभर आनंद झाला. चहा घेता घेता सरांना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. "तशी चूक कोणाची नाही, सर, पण..." इथवर छान जमलं होतं.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "वर ठकूमावशींच्या धाकट्या सुनेला काल सांजेपासून ताप आहे. पाचवा महिना चाललाय. खाली यायला तयार नाहीत. रोहिणी मॅडम नेहमी वर वाडीवर जातात ना, म्हणून थांबल्यात."

मी कप खाली ठेवला. गरोदर बाईला फ्लू झाला तर तो फार वाईट वळण घेऊ शकतो, आणि गोळ्या द्यायच्या त्या लगेच. सिस्टर चपला घालत म्हणाल्या, "त्यांचा थोरला लेक असाच तापानं गेला मॅडम. कसला ताप ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. त्यानंतरच रोहिणी मॅडमनी हे केंद्र मागून घेतलं."

घोंगडीची गोष्ट रोहिणीनं पन्नासदा सांगितली असेल. हे कधी सांगितलं नव्हतं.

वाडीवर

वर गाडी जात नाही. करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट आहे. माझ्या गुडघ्यांनी वाटेत जे उद्गार काढले ते इथं देत नाही. वर मोजकी घरं, शेणानं सारवलेली अंगणं, बाजूला शेरडांचा वाडा. ठकूमावशी दारातच उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण. त्यांनीही आधी माझ्या मागं पाहिलं.

"बाई मागनं येत्यात व्हय?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मला आधी बसवून हातात वाटी दिली. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून मी अंगणातच बसले. हुलग्याचं माडगं होतं, गरम, थोडा गूळ घातलेलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात आणि तो नको म्हणाला की सुटलो म्हणतात. इथं वाटी रिकामी झाल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. आत कमल, त्यांची सून, अंगाचं मुटकुळं करून पडली होती. डोळे लाल, अंग तापलेलं.

सिस्टरांनी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नमुना घ्या आणि अहवालाची वाट न बघता गोळ्या सुरू करा. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काडी बी नगं, गोळ्या बी नगं. बाई येत्याल तवा बगू."

"मावशी, त्या समुद्रापलीकडं गेल्यात."

"येत्याल की. थोरल्याच्या येळंला म्या लई जनांच्या पाया पडले. कुनी वर आलं न्हाई. तो गेल्यावर ह्या एकट्या आल्या, हितं बसल्या, माजं समदं ऐकलं. आता माज्या घरातल्या मानसाला हात लावतील तर त्याच."

तरी मी बोलून बघितलं. "कमलनं भोरला रक्त दिलं ना तपासणीचं? तेव्हा सुई कोणाच्या हातात होती?"

"कोन जाने."

"मग तिथं चाललं, इथं का नाही?"

"रगात येगळं, नाक येगळं," मावशी म्हणाल्या, आणि विषय संपला.

रोहिणीला फोन करायचा तर माझा जीव गेला असता तरी मी केला नसता. पण जीव माझा नव्हता. चेहरा दिसेल एवढी रेंज घरामागच्या टेकाडावरच मिळते. मी वर चढले, मावशींना शेजारी उभं केलं आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. रोहिणीच्या मागं खिडकीत बर्फ, हातात मोठा मग, केस मोकळे. मला बघून ती घाबरली. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं, कोऱ्या नमुन्यांचंही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. सकाळी मी ह्याच चेहऱ्याची वाट बघत होते. आता वेळ नव्हता.

मावशींनी मोबाईल जवळजवळ नाकाला लावला. "बाई, लई बारीक झालाव."

"मावशी, माझी वाट बघायची नाही," रोहिणी म्हणाली. "ह्या बाई आल्यात ना, मी काडी घालायला ह्यांच्याकडूनच शिकले. त्यांचा हात माझ्याहून हलका आहे."

धादांत खोटं. मी माणसांच्या नाकात काड्या घातल्या त्या करोनाच्या वेळी, प्रयोगशाळेच्या फाटकावर, आणि आमचा वॉचमन अजून मला बघितलं की दुसऱ्या बाजूनं जातो. इतकी वर्षं मी हिच्यावर जळतेय आणि ही समुद्रापलीकडून माझ्यासाठी खोटं बोलतेय. अशा बाईचं करायचं काय?

खाली आलो. मास्क, हातमोजे घालून मी कमलच्या उशाशी बसले. "वर बघ," मी म्हणाले, "आणि माहेर कुठलं ते सांग."

"भोंगव..."

तेवढ्यात काडी जाऊन बाहेर आली. कमलच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती दोनदा शिंकली.

"दुखलं गं?" मावशींनी विचारलं.

"न्हाई जास्त," ती म्हणाली. तिनं पाण्याबरोबर पहिली गोळी घेतली आणि मावशींनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

मग उठल्या, खुंटीवरची घोंगडी काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. काळी, जाड, धुराचा वास असलेली, थेट रोहिणीच्या खुर्चीवरच्यासारखी. "आता तुमी," त्या म्हणाल्या. "तुमी येस्तवर आमी थांबू. खाली बी सांगते समद्यांस्नी. ह्या बाईंचा हात बी हलका हाय."

मला जे हवं होतं ते सगळं माझ्या खांद्यावर होतं. पुढच्या खेपेला ओसरी माझ्यासाठी भरणार, लोक धुतलेले सदरे घालून येणार, पिठलं मलाच विचारणार. मी घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"नाही मावशी," मी म्हणाले. "थांबायचं नाही. माझ्यासाठी नाही, रोहिणीसाठी नाही. ताप आला की त्याच दिवशी सुरेखा सिस्टरांकडं."

"तिचा हात जड हाय."

सिस्टर पदराला हात पुसायला लागल्या. मी घोंगडी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले. "घ्या माझा नमुना. इथं, सगळ्यांसमोर."

आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात जमली होती. सिस्टरांनी काडी घातली. काय सांगू? मेंदूपर्यंत झिणझिण्या गेल्या. कपाळात कळ उठली, दारातली माणसं दिसेनात.

"झालं?" मी म्हणाले. "मला कळलंसुद्धा नाही."

मावशींनी माझ्या पाण्यानं भरलेल्या डोळ्यांकडं बारकाईनं पाहिलं. सिस्टरांनीही पाहिलं, आणि मग मान खाली घातली. मावशी कोपऱ्यातला पाट ओढून सिस्टरांच्या पुढ्यात बसल्या. "मला बी कालपास्नं कसकस हाय," म्हणाल्या. "घे तुज्या हातानं."

कमलला हुडहुडी भरली होती म्हणून निघताना घोंगडी मीच तिच्या अंगावर घातली. घेऊन जा, असं पुन्हा कोणी म्हणालं नाही. मी जरा रेंगाळले होते.

पुण्यात

कमलच्या नमुन्यात फ्लू निघाला, मावशींच्याही. दोघी बऱ्या झाल्या, कमल ठरल्याप्रमाणे सातव्या महिन्यात भोंगवलीला माहेरी गेली. सरांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. केंद्र चालू आहे.

मध्यंतरी सुरेखा सिस्टरांचा फोन आला होता. ताप आला की लोक त्याच दिवशी येतात, नाक वर करून बसतात, म्हणाल्या. आवाजात चांगलाच तोरा होता. "मावशींनी मला घोंगडी दिली मॅडम," त्यांनी सांगितलं.

"माझी आठवण काढतात का कोणी?" मी विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं. "तसं काही नाही, मॅडम."

रोहिणी परत आली ती चॉकलेटं घेऊन. खुर्चीत बसली, घोंगडी पांघरली, सगळं खोदून खोदून विचारलं. मग उगाच पेन शोधल्यासारखं करत म्हणाली, "आता माझी वाट बघतात का गं तिथं?"

"कोणी नाही बघत," मी म्हणाले. "माझीही नाही."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. माझाही पडला असणार, कारण बघता बघता तिलाही बरं वाटायला लागलेलं दिसलं.